टॅबमध्यें तबकडीचा खण असावा काय?

नवें साधन घरांत आलें म्हणजे जुन्याचें काय करावयाचें, हा प्रश्न प्रत्येक पिढीस पडत आला आहे. विजेचा दिवा आला तेव्हां कंदील माळ्यावर गेला. परंतु पावसाळ्यांत वादळ होऊन तारा तुटल्या म्हणजे तोच कंदील सारें घर शोधूं लागतें, हा आपल्या किनाऱ्यावरील प्रत्येकाचा अनुभव आहे. असाच एक प्रश्न आमच्या शाळेच्या ग्रंथालयांत उभा राहिला, आणि त्याचा विचार वार्षिकाच्या वाचकांपुढें मांडावा असें आम्हांस वाटलें.

माजी विद्यार्थ्यांनीं शाळेस कांहीं टॅब भेट दिले. ज्या खोलींत ते ठेविले, तेथेंच एका कपाटांत सीडी व डीव्हीडी यांच्या तबकड्या वर्षानुवर्षें पडून आहेत. कांहींवर विज्ञानाचे प्रयोग आहेत, कांहींवर इंग्रजी उच्चारांचे पाठ, कांहींवर शाळेंतील नाताळच्या गायनाचें ध्वनिमुद्रण. आठवींतील एका मुलानें त्यांतील एक तबकडी उचलली, टॅब उलटसुलट करून पाहिला आणि विचारलें, "सर, ही घालायची कुठून?" सारा वर्ग हंसला, आणि आम्हीही हंसलों. परंतु त्याच्या हातांतली तबकडी एका जुन्या मुख्याध्यापकांच्या निरोप-समारंभाची होती. ती ग्रंथालयांतील जुन्या संगणकांत घालून पाहिली, तेव्हां यंत्र बराच वेळ घरघरलें आणि तबकडी वाचतां येत नाहीं असें सांगून स्वस्थ बसलें. ज्यांचा आवाज तींत आहे, ते गुरुजी आतां या जगांत नाहींत. मग मात्र आमचें हंसूं मावळलें. टॅबमध्यें तबकडीचा खण असता तर बरें झालें असतें काय? या प्रश्नाचा दोन्ही बाजूंनीं विचार करणें आम्हांस अवश्य वाटलें.

प्रथम तबकडी म्हणजे काय तें पाहूं. ग्रामोफोनच्या तबकडींत सुई खांचेंतून फिरते आणि खांचेच्या नागमोडीवरून आवाज उत्पन्न होतो. सीडीमध्यें सुईच्या जागीं लेसरचा किरण असतो. सीडी १२ सेंटीमीटर रुंद व १.२ मिलिमीटर जाड असून ती पारदर्शक प्लॅस्टिकची असते. त्या प्लॅस्टिकच्या वरच्या अंगास अतिशय सूक्ष्म खळगे असून त्यांवर ॲल्युमिनियमचा पातळ थर व त्यावर रोगणाचें लेपन असतें. किरण खालच्या स्वच्छ बाजूनें आंत शिरतो व ॲल्युमिनियमवर आपटून परततो. सपाट जागेवरून पुष्कळ उजेड परत येतो, खळग्यावरून कमी. आणि या फरकांवरून यंत्र एक व शून्य हीं चिन्हें जुळवितें. अक्षर, चित्र, गाणें, सारें या दोन चिन्हांतच लिहिलेलें असतें. खळग्यांची ही ओळ गोगलगाईच्या शंखाप्रमाणें वेढे घेत जाते. दोन वेढ्यांमधील अंतर अवघें १.६ मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या जेमतेम दीडपट; आणि ती ओळ सरळ ताणली तर पांच किलोमीटरांहूनही लांब भरेल. ग्रामोफोनची सुई कडेकडून मध्याकडे जाते; सीडीचा किरण मध्याकडून कडेकडे जातो. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी, कारण पुढें तिचें काम पडणार आहे.

ही सीडी १९८२ च्या आक्टोबरांत जपानमध्यें प्रथम विक्रीस आली. आरंभीं ती गाण्यांसाठींच होती. पुढें संगणकांनीं तिचा स्वीकार केला, आणि १९९६ सालीं तिची मोठी बहीण डीव्हीडी आली. सीडींत सुमारें ७०० मेगाबाइट मजकूर मावतो, साध्या डीव्हीडींत ४.७ गिगाबाइट. कपाटभर ग्रंथ एका तबकडींत येऊं लागले, याचें त्या काळीं मोठें नवल वाटलें, आणि तें यथार्थच होतें.

आतां टॅब. टॅब म्हणजे पाटीसारखा सपाट, बोटाच्या स्पर्शानें चालणारा संगणक. २०१० सालीं ॲपल कंपनीचा आयपॅड आला आणि हें साधन घरोघरीं माहीत झालें. तो पहिला आयपॅड १३.४ मिलिमीटर जाड व वजनानें सुमारें ६८० ग्रॅम होता. आतां तबकडी वाचणारें यंत्र, ज्यास ड्राईव्ह म्हणतात, तें घ्या. मांडीवरील संगणकांत बसविण्यासाठीं केलेलें त्याचें बारीक रूपसुद्धां १२.७ किंवा ९.५ मिलिमीटर जाड असतें. म्हणजे टॅबची बहुतेक सारी जाडी एकट्या ड्राईव्हनेंच व्यापिली. मग पडदा कोठें बसवावा आणि विजेचा सांठा कोठें ठेवावा? शिवाय तबकडीच मुळीं १२ सेंटीमीटर रुंद. सात इंची पडद्याचे जे लहान टॅब विद्यार्थ्यांसाठीं निघाले, त्यांची रुंदीही जवळजवळ तितकीच. ताटलीपेक्षां तबक मोठें लागतें, हें सांगावयास नकोच.

अडचण केवळ जागेची नाहीं. तबकडी फिरविण्यास मोटर लागते. ती मिनिटास शेंकडों, आणि वेगवान यंत्रांत हजारों, फेरे घेते. तिला वीज लागते, तिचा आवाज होतो, तिच्यामुळें यंत्र तापतें. टॅब तर मुलें हातांत धरतात, तिरपा करतात, गुडघ्यावर ठेवतात. फिरत्या तबकडीवर केंसाहून बारीक ओळ शोधणाऱ्या किरणास असे हेलकावे कसे मानवतील? आणि जेथें फिरणारा भाग व उघडणारें तोंड आलें, तेथें आपल्या किनाऱ्यावरची बारीक रेती आणि खारी हवा आंत शिरावयास किती वेळ?

हातांतल्या यंत्रांत तबकडी बसविण्याचा प्रयत्न कोणीच केला नाहीं असें मात्र नाहीं. एच.पी. कंपनीनें २००७ मध्यें 'पॅव्हिलियन टीएक्स १०००' नांवाचा संगणक काढला. त्याचा पडदा फिरवून मिटला कीं तो पाटीसारखा वापरतां येई, आणि त्यास डीव्हीडीचा खणही होता. परंतु त्याचें वजन जवळजवळ दोन किलो. एका हातावर तोलून धडा वाचावा असा तो नव्हता. सोनी कंपनीनें २००४ सालीं हातांत धरून खेळावयाचें 'पीएसपी' हें यंत्र काढलें व त्यासाठीं सहा सेंटीमीटरांची चिमुकली तबकडी मुद्दाम निर्माण केली. तरीही २०११ सालीं त्याच कंपनीनें त्या यंत्राचा वारस काढला, तेव्हां तबकडी सोडून देऊन लहानसें कार्ड पत्करलें. ज्यांनीं स्वतः तबकडी घडविली, त्यांनींच ती हातांतल्या यंत्रांतून काढली, यापेक्षां बोलका निवाडा कोणता?

आपल्या देशांतील उदाहरणही असेंच आहे. विद्यार्थ्यांस स्वस्त टॅब मिळावा म्हणून केंद्र सरकारनें 'आकाश' या टॅबची योजना केली. ५ आक्टोबर २०११ रोजीं तो दिल्लींत प्रसिद्ध झाला आणि पुढें त्याचें काम मुंबईच्या आय.आय.टी.कडे आलें. सरकारला एक नग सुमारें सव्वादोन हजार रुपयांस पडला. इतक्या किंमतींत पडदा, संगणक आणि वीजसांठा बसवावयाचा असतां तबकडीच्या मोटरीस वाव नव्हताच. परंतु एक गोष्ट आवर्जून सांगण्यासारखी आहे. त्या स्वस्त टॅबलाही कार्ड घालण्याची खांच आणि यूएसबीचीं छिद्रें होतीं. तबकडी वगळली, तरी बाहेरून पाठ आंत घेण्याचें दार त्यांनीं बंद केलें नव्हतें. 'आकाश' ची योजना पुढें मागें पडली. ही एक गोष्ट मात्र शिकण्यासारखी राहिली.

आतां दुसरी बाजू, कारण तबकडीच्या बाजूनें बोलणारेही अडाणी नाहींत. त्यांचें म्हणणें असें: तबकडी एकदां घेतली कीं ती आपली. ती पाहण्यास इंटरनेट लागत नाहीं, महिन्याची वर्गणी लागत नाहीं, आणि दूरच्या कोणा प्रकाशकानें मन बदललें म्हणून ती आपल्या कपाटांतून नाहींशी होत नाहीं. हें सर्व खरें आहे. मुंबईच्या आय.आय.टी.नें 'स्पोकन ट्यूटोरियल' या योजनेंत संगणकाचे पाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत तयार केले, तेव्हां जेथें इंटरनेट पोंचत नाहीं तेथें ते तबकडीवर उतरवून नेण्याची सोय ठेविली. आपल्या जिल्ह्याचें, म्हणजे १९८१ पूर्वीं ज्यास कुलाबा म्हणत त्याचें, १८८३ सालचें इंग्रजी गॅझेटियर दुर्मिळ झालें होतें. महाराष्ट्र शासनाच्या दर्शनिका विभागानें जुनीं गॅझेटियरें तबकड्यांवर काढलीं, तेव्हां तीं सामान्य वाचकाच्या हातीं आलीं. तबकडीचे हे उपकार विसरणें कृतघ्नपणाचें होईल.

आणि इंटरनेटवर सारा भार टाकल्यास काय होतें, हें आपल्या किनाऱ्यास शिकवावयास नको. ३ जून २०२० रोजीं 'निसर्ग' चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आदळलें. मुरूड, श्रीवर्धन, म्हसळा या भागांत नारळीपोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, विजेचे खांब पडले, आणि कित्येक गांवांत अनेक दिवस वीज नव्हती व फोन मुके होते. वर्षही साथीचें, शाळा बंद, आणि शिक्षण सर्वस्वीं फोनच्या पडद्यावर आलेलें. ज्या मुलाचे पाठ दूरच्या संगणकांत होते, त्याचें शिक्षण तारेबरोबर तुटलें. शेजाऱ्याच्या जनित्रावर फोन भारून घेतां येई. परंतु पाठ यावयाचे त्या वाटेवरचे मनोरेच बंद, मग भारलेल्या फोनचा उपयोग काय? ज्याचे पाठ स्वतःच्या हातांतल्या साधनांत होते, त्याचें मात्र तितकें अडलें नाहीं.

तेव्हां दोन्ही बाजूंचें म्हणणें तोलून पाहिलें म्हणजे एक गोष्ट स्पष्ट होते. तबकडीचे कैवारी ज्याचें रक्षण करूं इच्छितात, तो वस्तुतः ड्राईव्ह नव्हे, खळगे नव्हेत, लेसरही नव्हे. विद्या आपल्या हातांत असावी, ती वापरण्यास दर वेळीं कोणाची परवानगी व कोणाची तार लागूं नये, हा तो गुण आहे. तो गुण तबकडीचा मक्ता नाहीं. नखाएवढ्या मायक्रो एसडी कार्डांत तो तितकाच आहे. तें कार्ड पंधरा मिलिमीटर लांब, अकरा रुंद आणि एक मिलिमीटर जाड असतें. त्यांत फिरणारा भाग नाहीं, मोटर नाहीं, आवाज नाहीं. ६४ गिगाबाइटांच्या एका कार्डांत सुमारें नव्वद सीडी किंवा तेरा डीव्हीडी यांचा मजकूर मावतो. म्हणून आमचें उत्तर असें कीं, टॅबमध्यें तबकडीचा खण नसावा. परंतु कार्डाची खांच अवश्य असावी. आज बाजारांत असेही टॅब मिळतात कीं ज्यांस ही खांचही नाहीं. शाळेसाठीं वा घरासाठीं टॅब घेतांना पालकांनीं हें एवढें तपासावें. चकाकीपेक्षां या लहानशा चिरेचें मोल अधिक आहे.

येथें कोणी म्हणेल कीं, बाहेरून जोडावयाचा ड्राईव्ह मिळतो, तो टॅबला लावला म्हणजे झालें. परंतु असे ड्राईव्ह आपली वीज संगणकाच्या यूएसबीतूनच घेतात, आणि मोटर सुरू होतांना ती इतकी लागते कीं कित्येकांस दोन टोकांची तार देऊन दोन छिद्रांतून वीज घ्यावी लागते. टॅबला हें ओझें सहसा पेलत नाहीं. शिवाय बहुतेक टॅबच्या प्रणालीस तबकडीवरील मांडणी वाचण्याचें शिक्षण मुळांत दिलेलें नसतें. आणि कित्येक जुन्या तबकड्यांवर चित्रपट किंवा पुस्तक नसून मोठ्या संगणकासाठीं लिहिलेली आज्ञावली असते. ती टॅबवर चालतच नाहीं. पुष्कळ शैक्षणिक तबकड्या 'फ्लॅश' या प्रणालीवर बेतलेल्या होत्या, आणि तिचा आधार ३१ डिसेंबर २०२० रोजीं थांबला. म्हणजे खण असता तरीही त्या मुलाचा प्रश्न अर्धाच सुटला असता.

आतां त्या कपाटांतील तबकड्यांचें काय? त्या तशाच राहिल्या तर टिकतील, अशा भ्रमांत कोणी राहूं नये. ॲल्युमिनियमचा थर फक्त रोगणाच्या पातळ लेपानें झांकलेला असतो. त्यास चीर पडली वा कडेनें ओल शिरली कीं तो गंजूं लागतो. घरीं भरलेल्या तबकडींत तर मजकूर रंगद्रव्याच्या थरावर असतो, आणि उन्हानें व उष्णतेनें तो फिका पडतो. मध्य अमेरिकेंतील बेलीझ या उष्ण व दमट देशांतून आलेल्या एका सीडीचा थर बुरशीनें खाल्लेला स्पेनच्या शास्त्रज्ञांस २००१ सालीं आढळला होता. चार महिने ज्यांच्या भिंती घाम गाळतात, त्या आमच्या कोंकणांतील कपाटांनीं यावरून काय समजावयाचें तें समजावें.

याच बाबतींत एक उत्तम धडा आपल्या अलिबागेंतच आहे. तेथील चुंबकीय वेधशाळा १९०४ सालीं सुरू झाली. मुंबईंत विजेच्या ट्रामगाड्या येणार होत्या. त्यांच्या प्रवाहानें कुलाब्याच्या वेधशाळेंतील नाजुक चुंबकांच्या नोंदी बिघडतील हें ओळखून नानाभाई फ्रामजी मूस यांनीं अलिबागची जागा निवडिली. परंतु नवें स्थान मिळालें म्हणून जुनें त्यांनीं त्याच दिवशीं बंद केलें नाहीं. दोन वर्षें कुलाबा व अलिबाग या दोन्ही ठिकाणीं एकाच वेळीं नोंदी घेतल्या, त्या एकमेकींशीं ताडून पाहिल्या, आणि मगच कुलाब्याचें काम थांबविलें. त्यामुळें एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेली नोंदींची सांखळी तुटली नाहीं. शिवाय त्या नोंदी छायाचित्राच्या कागदावर आहेत; त्या पाहण्यास डोळे पुरतात. तबकडीचें तसें नाहीं. ती कितीही सुस्थितींत असो, वाचणारें यंत्र नाहींसें झालें कीं ती मुकी. म्हणून जुनें टाकण्यापूर्वीं नव्यांत उतरवून, ताडून घेणें हें आपलें कर्तव्य ठरतें; आणि जोंवर वाचणारीं यंत्रें मिळत आहेत, तोंवरच तें होण्यासारखें आहे.

तें कसें करावें हें थोडक्यांत सांगतों. शाळेनें एकच बाहेरचा ड्राईव्ह ठेवावा व तो टॅबला नव्हे, तर कार्यालयांतील किंवा ग्रंथालयांतील संगणकास जोडावा. प्रथम तबकड्यांची यादी करावी. ज्या शाळेच्याच आहेत आणि अन्यत्र कोठेंही मिळणार नाहींत, त्या आधीं घ्याव्या. तबकडी मऊ कापडानें मध्याकडून कडेकडे सरळ पुसावी, गोल पुसूं नये. कारण गोल चरा ओळीबरोबर धांवतो व पुष्कळ मजकूर एकदम खातो. नकल झाल्यावर ती आरंभापासून शेवटपर्यंत उघडून पाहावी, नुसतें नांव दिसलें म्हणून समाधान मानूं नये. प्रत्येकीच्या दोन प्रती असाव्या, आणि त्या एकाच खोलींत असूं नयेत. कार्डही अमर नाहीं. वर्षानुवर्षें विजेवांचून पडून राहिलें तर त्यांतील मजकूर क्षीण होतो, म्हणून दर वर्षीं तें एकदां लावून तपासावें. दुसऱ्यांनीं प्रकाशित केलेल्या तबकडीची नकल मात्र प्रकाशकाची परवानगी घेऊनच करावी. चोरून केलेल्या नकलेनें शाळेच्या कपाटाची शोभा वाढत नाहीं.

आम्हीं त्या गुरुजींची तबकडी याच रीतीनें पुसून दुसऱ्या एका ड्राईव्हमध्यें घातली. यावेळीं यंत्रानें ती ओळखिली आणि ग्रंथालयांत तो ओळखीचा, किंचित् घोगरा आवाज ऐकूं आला. जुने दोन शिक्षक मुकाट्यानें ऐकत उभे राहिले. भाषण बहुतेक मिळालें. शेवटचीं कांहीं मिनिटें मात्र मिळालीं नाहींत. किरण मध्याकडून कडेकडे जातो हें वर सांगितलेंच आहे, आणि या तबकडीची कडच ओलीनें खाल्ली होती. दोन वर्षें आधीं हें काम केलें असतें तर कदाचित् तीं मिनिटेंही हातीं आलीं असतीं. तें भाषण आतां शाळेच्या टॅबांत आहे, आणि ज्या मुलानें प्रश्न विचारिला त्यानेंच तें प्रथम ऐकिलें.

शुभवर्तमानांतील दहा कुमारींचा दृष्टांत आपण प्रार्थनेच्या वेळीं पुष्कळदां ऐकला आहे. त्या दहाहीजणींकडे दिवे होते. भेद इतकाच कीं, पांचजणींनीं तेल आधींच भरून घेतलें होतें. मध्यरात्रीं हाक आल्यावर तेल शोधावयास निघणाऱ्या पांचजणींसारखी आपली स्थिति होऊं नये. दिव्याचा आकार जुना असो वा नवा, त्याविषयीं वाद करण्याचें कारण नाहीं. तेल मात्र आपल्या हातांत असावें. विद्यार्थिमित्रहो, या मे महिन्याच्या सुटींत, पहिला पाऊस पडण्यापूर्वीं, आपापल्या घरचें कपाट उघडा. आजोबांचा आवाज, ताईच्या लग्नाचें चित्रण, वडिलांनीं जपून ठेविलेले पाठ, जें कांहीं तबकड्यांवर असेल तें बाहेर काढा आणि त्याच्या दोन प्रती करा. ज्यांच्या घरीं ड्राईव्ह नाहीं, त्यांनीं शाळेच्या ग्रंथालयांत यावें; तेथील ड्राईव्ह सर्वांसाठीं आहे.